पहिल्या तारखेला कोणी जात नाही

आमच्या गावात सरकारी कागद आला की तो आधी काकांकडे जायचा. ज्याच्या नावाचा असेल त्याच्या हाती तो नंतर पडायचा, काकांचा सल्ला चिकटून. काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. शाळा जेमतेम दोन बुकांची, पण कोर्टाची पायरी म्हणाल तर मलकापूरची आणि बुलढाण्याची दोन्ही त्यांनीच झिजवलेली. विहिरीच्या वाटणीवरून चुलतभावांशी त्यांचा दावा चालू होता. तो मी जन्मायच्या आधी सुरू झाला होता आणि पुढे दोन्हीकडची माणसं संपली म्हणून संपला. तेवढ्या भांडवलावर काका आमच्या गावाचे वकील झाले. तोंडावर लोक त्यांना ‘वकीलसाहेब’ म्हणत. पाठीमागे काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही. पार अमडापूरकडून माणसं त्यांच्या ओसरीवर सल्ला विचारायला येत. त्यातला कोणी दावा जिंकून पेढे घेऊन आल्याचं मी कधी पाहिलं नाही, पण गर्दी काही हटली नाही.

हे मी मजेत सांगतोय असं कोणाला वाटेल. तसं नाही. इतकी वर्षं झाली तरी त्या ओसरीची आठवण आली की माझं तोंड कडू होतं.

आमचं गाव मोताळ्यापासून कोसाभरावर. वडील भाजीपाला करत. वांगी, मिरची, मेथी, कांदे, आणि बाजाराच्या दिवशी तो माल मोताळ्याला नेऊन विकायचा. बहीण सासरी गेलेली. मी बुलढाण्याला शिकायला होतो तेव्हाच आई तापाने गेली. त्यानंतर घरात आम्ही दोघे. वडील बोलायला फार कमी. दिवसभरात जे काही बोलत ते बहुतेक बैलांशी. मला काही सांगायचं असलं तरी बैलाकडे पाहून सांगत. मी मॅट्रिक झालो तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला होता, एवढं मला आठवतं. मग तोच हात धोतराला पुसून ते मोटेवर गेले.

मॅट्रिक होऊन मी पुन्हा वांग्यांतच येऊन पडलो. अर्ज करत होतो. तहसिलीत केला, शाळाखात्यात केला, रेल्वेत केला. एकाचंही उत्तर येईना. गावातली माणसं विचारायची, “काऊन बे, साह्यब कधी होतं?” आणि हसायची. हातात पुस्तक धरलेला माणूस खांद्यावर मिरचीचं पोतं घेऊन चालला की लोकांना कसला आनंद होतो, ते मी तेव्हा पुरेपूर पाहिलं. मला तिथून निघायचं होतं. मला ते गाव नको होतं, ती मोट नको होती, ते हसणं नको होतं. आज म्हातारपणी लोक गावाच्या मातीबद्दल गहिवरून लिहितात. लिहोत बापडे. मला तेव्हा त्या मातीचा राग होता आणि तो पुढेही फारसा गेला नाही.

अशात एक दिवस नागपूरच्या एका सरकारी कचेरीतून माझ्या नावाचा लखोटा आला. टाइप केलेला, इंग्रजी, खाली सही आणि शिक्का. कारकुनाच्या जागेसाठी अमुक दिवशी सकाळी मुलाखतीला यावे, आणि हजर राहणार की नाही ते उलट टपाली कळवावे. एवढंच. मी तो विहिरीच्या थारोळ्यावर बसून वाचला आणि पुन्हा पुन्हा वाचला. त्या जागेला वयाची अट होती. पुढच्या खेपेला जागा निघतील तेव्हा मी त्या अटीच्या पलीकडे गेलेला असणार होतो. म्हणजे नोकरी लागली तर याच वेळी, नाहीतर जन्मभर मोट. हे मला स्वच्छ कळत होतं.

उत्तर लिहायला मी बसलो. आमच्या इंग्रजीच्या मास्तरांनी एक गोष्ट आमच्या डोक्यात पक्की बसवली होती. जेवढं विचारलं असेल तेवढ्याचंच उत्तर द्यायचं आणि थांबायचं. मी आधी पाटीवर मजकूर जुळवला. पुसला, पुन्हा जुळवला. ‘येईन’ म्हणावं की ‘हजर राहीन’, यावर माझी अर्धी सकाळ गेली. मग टाक नीट धुऊन, शाई ढवळून, पोस्टकार्डावर लिहून काढलं. आपलं पत्र मिळालं, ठरल्या दिवशी ठरल्या वेळी हजर राहतो, आपला आज्ञाधारक. अक्षर असं आलं होतं की मीच त्याच्याकडे पाहत बसलो. आयुष्यात मी पुष्कळ लिहिलं, पण त्या कार्डाइतकं चांगलं मी काही लिहिलं असेल असं मला वाटत नाही.

शाई वाळते ना वाळते तोच काका आले. लखोट्याची बातमी पोस्टाच्या माणसाने आधी त्यांनाच दिली होती. वडील ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. काकांनी कार्ड हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण कागद केवढा आहे ते दिसत होतं.

“हे काय लेहलं बे?”

“हजर राह्यतो म्हनून कळवलं, काका.”

“पहिल्याच तारखेले?”

“हाव. त्याच दिवशी बलावलं आहे.”

काकांनी कपाळाला हात लावला. “एवढं शिकून काय केलं बे तू? अबे, पहिल्या तारखेले कोनी जाते काय? पहिली तारीख निसती पुकाराची असते. जो हावरट असते तो पयत जाते. साह्यबाले समजते, याले लय गरज आहे. मंग तो दाबते.”

“काका, हे कोर्ट नाही. नोकरीची मुलाखत आहे.”

“सरकारच होय ना? नावाचा कागद आला, तारीख पडली, हजर व्हा म्हने. मंग समन्स नाही तं काय लग्नपत्रिका आहे?”

त्यांच्या डोक्यात हे सगळं अगदी व्यवस्थित बसलेलं होतं. आमच्याकडे दावेदार माणसाची रीतच ती. पहिल्या तारखेला आजारीपणाचा अर्ज द्यायचा, मुदत मागायची, दुसरी तारीख पाडून घ्यायची. दुसऱ्या तारखेपर्यंत समोरच्याचा दम जातो, साक्षीदार फुटतात, साहेब बदलतो. जो तारीख मागतो तो वजनदार, आणि जो पहिल्या हाकेला उभा राहतो तो फुकटा. काकांनी मला हे शिकवणी घेतल्यासारखं समजावून सांगितलं. नागपूरला पहिल्या दिवशी सगळी भुकेली पोरं गर्दी करतील. साहेब वैतागेल. दुसऱ्या तारखेला तू एकटा, साहेब निवांत. ‘कोन आहे हा, ज्यानं तारीख मांगतली?’ म्हणून तो तुझ्याकडे मान वर करून पाहील.

मी वडिलांकडे वळलो. “बाबा, तुम्ही तरी सांगा ना.”

वडिलांनी जुडीची गाठ मारली, ती टोपल्यात ठेवली, दुसरी घेतली. “दादा म्हनते तसं कर,” ते म्हणाले. मान काही वर केली नाही.

माझं शिक्षण काकांच्या शब्दावर झालं होतं. वडिलांची मला मोटेवर ठेवायची तयारी होती. ‘पोट्ट्याले बुलढान्याले धाडा, घरात एक इंग्रजी वाचनारा पाह्यजे’ हे काकांनी म्हटलं म्हणून मी शाळेत गेलो. त्यांना कोर्टाचे कागद वाचायला माणूस हवा होता, ही गोष्ट वेगळी. पण उपकार ते उपकार, आणि ते उपकार करणारा माणूस समोर उभा राहिला की आमच्या घरात कोणाचं तोंड उघडत नसे.

दुसऱ्या दिवशी काका मला मलकापूरला घेऊन गेले. कचेरीच्या आवारात एक म्हातारे मुन्शीजी अर्ज लिहायला बसत. काकांचा आणि त्यांचा जुना दोस्ताना. अर्धा दावा तर त्यांच्याच टाकातून उतरलेला. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं, मी बैलासारखा धडधाकट उभा होतो, आणि विचारलं, “बुखार लिहू का पेचिश?” ताप की हगवण, एवढंच विचारायचं बाकी होतं.

“बुखारच लेहा,” काका म्हणाले. “पेचिश हलकी वाटते.”

मुन्शीजींचं इंग्रजी जुन्या अर्जांतून जसंच्या तसं उचललेलं होतं. ते भराभर लिहीत गेले. गरीब अर्जदार तापाने फणफणला आहे, प्रवास करण्यास सर्वथा असमर्थ आहे, हुजुरांनी कृपावंत होऊन दुसरी तारीख नेमून द्यावी, अर्जदार आणि त्याचं कुटुंब हुजुरांच्या दीर्घायुष्यासाठी देवाची सदैव प्रार्थना करील. मोठा कागद दोन्ही बाजूंनी भरला. काका तो हातावर तोलून पाहत होते आणि त्यांचा चेहरा फुलत चालला होता. मला सही करायला सांगितलं. मी केली. तिथे भर आवारात काकांना नाही म्हणायची माझ्यात ताकद नव्हती, आणि हा कागद टपालात पडू द्यायचा नाही हे मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

कागद त्याच दिवशी मलकापुरातच टाकला असता तर मी काही करू शकलो नसतो. पण काकांना त्यासोबत वैद्याचा दाखला हवा होता. दाखल्याशिवाय आजाराला वजन येत नाही. मोताळ्याचे वैद्य आमच्या वडिलांच्या ओळखीचे, दर बाजाराला त्यांच्या घरी आमचीच भाजी जायची. दुसऱ्या दिवशी काकांची बुलढाण्याच्या कोर्टात पेशी होती. तेव्हा ठरलं असं की बाजाराला जाताना वडिलांनी लखोटा न्यायचा, वैद्यांकडून दाखला घेऊन आत घालायचा आणि पोस्टात टाकायचा. मी जावं म्हटलं तर काका म्हणाले, “पोट्ट्याच्या हाती कागद देऊ नको.” आणि मोटेवर कोणीतरी लागणारच होतं.

सकाळी वडील गाडीत टोपली भरत होते. मी माझं कार्ड त्यांच्या हातात दिलं.

“बाबा, हे कार्ड टाका. तो लखोटा टाकू नका. वैद्याकडे जायचं कामच नाही. काकाले मी सांगतो मंग काय सांगायचं ते.”

त्यांनी कार्डाकडे पाहिलं. वडिलांना अक्षरओळख नव्हती. मी बोट ठेवून दाखवलं, “हे माह्यं नाव, हे नागपूर. तुमाले पत्ता वाचायची गरज नाही, निसतं पेटीत टाकायचं.” माझा आवाज चढला होता. “बाबा, हे गेलं तं मले नोकरी लागन. लखोटा गेला तं नाही लागनार. मंग कधीच नाही. समजलं ना?”

“हाव,” वडील म्हणाले. कार्ड त्यांनी बंडीच्या खिशात घातलं, बैलांच्या पाठीवर थाप मारली आणि गाडी हाकली.

संध्याकाळी ते परत आले तेव्हा मी वेशीपर्यंत धावत गेलो. “टाकलं?” “टाकलं,” ते म्हणाले. मी गाडीच्या मागे पोरासारखा उड्या मारत घरी आलो.

जायचा दिवस येईपर्यंत मी हवेत होतो. काका वाट पाहत होते दुसऱ्या तारखेची, आणि मी मनात हसत होतो. आदल्या दिवशी मी बहिणीकडे जातो असं काकांना सांगितलं. वडिलांना खरं माहीत होतं. त्यांनी पहाटे उठून स्वतः भाकरी थापल्या, त्यांना कधी गोल जमली नाही. मिरचीचा ठेचा केला, फडक्यात बांधून दिला. आपलं लग्नातलं उपरणं पेटीतून काढून मला दिलं. मोताळ्यापर्यंत गाडीत सोडायला आले, मलकापूरची मोटार येईपर्यंत माझ्याशेजारी उभे राहिले. मोटार सुटली तेव्हा त्यांनी हात वर केला. मला वाटलं, हा माणूस बोलत नाही, पण याचं मन केवढं मोठं आहे. भावाच्या शब्दाबाहेर आयुष्यात कधी गेला नाही, तो माझ्यासाठी गेला. मला मोटारीत रडू आलं. तेव्हाचं ते रडणं आठवलं की मला आजही माझीच चीड येते.

मलकापुरात आगगाडीत बसलो. नांदुऱ्याला वडनेर भोलजीचा एक पोरगा माझ्या डब्यात चढला. तोही मॅट्रिक, तोही त्याच मुलाखतीला निघालेला. आम्ही वाटेत भाकरी वाटून खाल्ली. उत्तरात काय लिहिलं म्हणून मी विचारलं. “येतो म्हनून लेहलं,” तो म्हणाला. “अजून काय लेहाचं असते?” आम्ही दोघे हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरच्या कचेरीत गेलो. व्हरांड्यात बाकं होती. चपराशी नावं पुकारत होता. एकेक जण आत जात होता. वडनेरवाला आत गेला, घाम पुसत बाहेर आला, हसला. बाकं रिकामी होत गेली. माझं नाव येईना. शेवटी चपराशी दार ओढायला लागला तेव्हा मी उठलो आणि हेडक्लार्कच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिलो. गृहस्थ पुण्याकडचे असावेत. बोलणं घासून लखलखीत केलेलं. त्यांनी माझं नाव विचारलं, फाइल काढली, चाळली आणि चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

“तुम्ही आजारी आहात.”

“नाही, साहेब. मी बरा आहे. मी कार्ड पाठवलं होतं.”

“कार्ड वगैरे काही नाही. हा अर्ज आहे. सही तुमचीच ना?”

मुन्शीजींचा तो दोन्ही बाजूंनी भरलेला कागद त्यांनी माझ्यापुढे धरला. खाली माझी सही. त्याला टाचणीने लावलेली एक चिठ्ठी. मोताळ्याच्या वैद्यांचं अक्षर मी ओळखलं. यांचे वडील समक्ष येऊन हकीकत सांगून गेले, त्यावरून रोगी तापाने अंथरुणास खिळून असल्याचा दाखला देत आहे. मी ती चिठ्ठी वाचली. ‘समक्ष येऊन’ या शब्दांवर माझी नजर अडकली आणि तिथून हलेना.

“आता सांगा,” हेडक्लार्क म्हणाले, “तुम्ही आजारी असाल तर इथे कसे? आणि आजारी नसाल तर हा दाखला खोटा. खोटा दाखला देणाऱ्याला मी साहेबांपुढे उभा करू?”

काय सांगणार होतो? काकांचा दावा? पहिली तारीख?

“साहेबांना दाखवला मी हा अर्ज,” ते शेजारच्या टेबलाकडे वळून म्हणाले. “फार हसले. म्हणाले, इतकी वर्षं कचेरी चालवतोय, पण नोकरी लागायच्या आधीच रजेचा अर्ज करणारा माणूस पहिल्यांदा पाहिला.” तिथले सगळे खदखदून हसले.

“मले एकदा साह्यबाले भेटू द्या,” मी म्हणालो. नागपूरला ‘मले’ म्हणायचं नाही, ‘मला’ म्हणायचं, हे मी गाडीत घोकत आलो होतो. ऐन वेळी सगळं घोकलेलं पळालं.

“वऱ्हाडातले,” हेडक्लार्क शेजाऱ्याला म्हणाले, आणि फाइल मिटली.

वडनेरवाल्याला जागा मिळाली. परतीच्या गाडीत तो माझ्या समोर बसला होता आणि बिचाऱ्याला आनंद लपवता येत नव्हता. “तुह्यं नाव काऊन नाही पुकारलं?” त्याने दोनदा विचारलं. मनाची समजूत घालायला मी सगळं करून पाहिलं. वाचता न येणारा माणूस, घोटाळा झाला असेल. पण एक कार्ड होतं आणि एक जाडजूड लखोटा. अंधारात हात फिरवून पिकलेलं वांगं कोणतं आणि कोवळं कोणतं ते सांगणारा माणूस कार्ड आणि लखोट्यात घोटाळा करील? आणि वैद्याकडे तर माणसाला आपल्या पायांनी चालत जावं लागतं. आपल्या तोंडाने सांगावं लागतं, माझा पोरगा तापला आहे म्हणून. बोलायला ज्याच्या जिवावर येतं त्या माणसाने एवढं बोलून दाखवलं होतं.

गावात शिरलो तर काका ओसरीवर. मी नागपूरला जाऊन आलो ही बातमी माझ्या आधी पोचली होती. मला वाटलं, फाडून खातील. पण झालेलं सगळं ऐकल्यावर त्यांचे डोळे चमकले. “सही कोनाची होती नामंजुरीवर? नव्हती? तोंडीच सांगतलं? मंग तं झालं! अपील करू. त्याच्यावर बी साह्यब असन ना.” ते उठून वहाणा शोधायला लागले. मी त्यांना तसंच सोडून मळ्याकडे निघालो. पुढे खरोखरच त्यांनी अपील केलं, मग अपिलावर अर्ज, मग त्या अर्जाचं काय झालं म्हणून दुसरा अर्ज. मुन्शीजींना काम मिळालं. माझं वय उलटून गेल्यावरही ते कागद जात राहिले.

भर दुपारची वेळ होती. वडील वांग्यांत वाकून तण काढत होते. मला पाहून ते सरळ झाले, पण जवळ आले नाहीत.

“वैद्याकडे तुम्ही गेलते, बाबा?”

“हाव.”

“आन् कार्ड?”

“चुलीत घातलं.”

मला वाटलं होतं ते कबूल करणार नाहीत. मीच त्यांना वाट काढून दिली. “दादा म्हनते तेच बरोबर असन असं वाटलं असन तुमाले.”

“दादाले काय समजते?” वडील म्हणाले. त्यांनी भावाबद्दल असं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. “तो तं जलमभर तारखाच मांगून राह्यला. मले माईत होतं. तूच सांगतलं ना मले, लखोटा गेला तं नोकरी जाईन म्हनून.”

“मंग?”

ते बैलांकडे पाहत होते. “तुही माय गेली. पोरगी गेली. तू नागपूरले गेला असता तं परत कायले आला असता? मले घरात कोन होतं?”

“मंग मले जाऊ काऊन देल्लं? भाकरी बांधून देल्ली, मोटारीपर्यंत आले, ते कायले?”

“नसता गेला तं तुह्या मनात राह्यलं असतं,” ते म्हणाले. “आता नाही राहनार.”

हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. एखाद्या रोपाचा शेंडा खुडून टाकला की ते आडवं पसरतं, तसं काही सांगत असावेत. त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. मी ओरडलो, काय ओरडलो ते आता आठवत नाही. हातातलं गाठोडं फेकलं, त्यांचं उपरणं चिखलात पडलं. ते त्यांनी उचललं, झटकलं, बांधावर वाळत घातलं. मग म्हणाले, “मोट जोत. मिरचीले पानी द्याचं राह्यलं आहे.”

मी मोट जोतली. दुसरं काय करणार होतो? हातात पैसा नव्हता, ओळख नव्हती, आणि पोटात भूक होती. लोक म्हणतात, इतका राग होता तर निघून का नाही गेलास. निघून जायला जो कागद लागतो तो चुलीत गेला होता, हे त्यांना कोण सांगणार.

त्यांचा अंदाज बरोबर निघाला. मी राहिलो. लग्न झालं, पोरं झाली. मळा वाढवला, इंजिन बसवलं. पुढे पोरांना शिकवलं आणि जिथे जायचं तिथे जाऊ दिलं. वडील पुष्कळ जगले. शेवटी शेवटी डोळे गेले, मग पाय गेले. मी त्यांना उचलून उन्हात बसवत असे, अंघोळ घालत असे, भाकरी दुधात कुस्करून भरवत असे. गावात माझं नाव निघे, पोरगा असावा तर असा म्हणून. पण त्या दुपारनंतर मी त्यांना ‘बाबा’ म्हणून हाक मारली नाही. जेवण झालं का, पाणी पाहिजे का, इकडे वळा, असंच चाललं. पोरांसमोर ‘तुमचे आजोबा’ म्हणायचो, बाहेर ‘आमचे वडील’. त्यांच्या हे लक्षात आलं होतं. मी शेजारी बसलो की कधीकधी ते मान तिरकी करून थांबत, जणू काही ऐकू यायचं आहे. मग मान सरळ करत. त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही.

गेले तो दिवस बाजाराचा होता. माणसं जमली होती. श्वास लांबला तेव्हा कोणीतरी माझ्या हातात पाण्याची वाटी आणि तुळशीचं पान दिलं आणि म्हणालं, “हाक मार बे, त्याचा जीव तुह्यातच अडकून राह्यला आहे. एकदा बाबा म्हन.”

वडिलांनी मान तिरकी केली होती. मी पाणी घातलं.